अंगणातली जोंगा: गंजलेल्या फोर-व्हील-ड्राइव्हच्या घरगुती पुनर्बांधणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी १९७३ सालची जोंगा आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून जवळपास तीन दशके ही गाडी लष्करासाठी तयार होत होती. निसानच्या पॅट्रोल गाडीवर ती बेतलेली असून तिला ३,९५६ सीसीचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, शिडी पद्धतीची जाड चासी, पुढे-मागे कमानपाटे आणि गरजेपुरतीच पुढची चाके जोडणारा ट्रान्सफर केस असतो. दक्षिण कमांडचे मुख्यालय पुण्यात आणि खडकी-देहू रोड परिसरात लष्कराची मोठी भांडारे असल्यामुळे सेवेतून निघालेल्या गाड्या लिलावातून या शहरात येणे पूर्वी नवलाचे नव्हते.

ही गाडी सहकारनगरमधील एका कुटुंबातल्या थोरल्या काकांनी १९९१ मध्ये लिलावात घेतली, तिची नागरी नोंदणी करून घेतली आणि भोरकडच्या शेतावर ये-जा करण्यासाठी वापरली. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्ये संपल्यावर एकदा नूतनीकरण झाले, पण २०११ मध्ये ती मुदतही संपली तेव्हा गाडी बंद पडलेली होती. २०१४ मध्ये काका वारले. त्यानंतर बंगल्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली ती उभी राहिली. शेडची पन्हळ फुटल्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात पाण्याची धार गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर पडत असे आणि याकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

२०२२ मध्ये काकांच्या पुतण्याने, म्हणजे पिंपरीतील एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या यंत्र अभियंत्याने, गाडी घरीच उभी करायचे ठरवले. हाताशी त्यांची मुलगी होती, आणि नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात ओळख निघून एक वयस्क मिस्त्री रविवारी येऊ लागले. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

समस्या

पहिल्या पाहणीत गाडी वाटली होती त्यापेक्षा बरी दिसली, आणि हीच अडचण होती. बोनेट, मडगार्ड आणि दरवाजे वरवर गंजले होते. रबरी मॅट उचलल्यावर मात्र तिच्याखालचे तागाचे अस्तर ओले सापडले आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबला तरी खचत होता. विंडशील्डच्या खालच्या गॅस्केटमधून पाणी आत येऊन या अस्तरात मुरत होते. बॅटरीच्या ट्रेभोवती ॲसिडने पत्रा खाल्ला होता. चासीच्या मागच्या डाव्या बाजूला, कमानपाट्याच्या हँगरच्या मागे, शेतावरची माती वर्षानुवर्षे साठून राहिली होती आणि तिने पाणी धरून ठेवले होते.

मिस्त्रींचे मत स्पष्ट होते. "साहेब, लांबी भरून दिली तर दिवाळीला गाडी चकाचक उभी करतो. पण पुढच्या पावसाळ्यानंतर मला फोन करू नका."

लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायचा लेप, आणि तिच्याबद्दलची ही चेतावणी नेमकी होती. पॉलिस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती ओलावा शोषते. उघड्या किंवा अर्धवट साफ केलेल्या पत्र्यावर ती थेट भरली, तर गंज तिच्याखाली निवांत वाढत राहतो आणि वरचा रंग फुगून येईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

इंजिन हाताने फिरत नव्हते, ब्रेकच्या नळ्या आतून गंजल्या होत्या आणि पेट्रोलच्या टाकीत तांबड्या पुडीचा थर होता. या सगळ्यापेक्षा कठीण ठरले ते कागद. गाडी मृत व्यक्तीच्या नावावर होती, नोंदणी संपून दशक उलटले होते, आणि चासीवर ठोकलेला क्रमांक गंजाच्या पापुद्र्याखाली होता.

पहिला निर्णय: कागद की पाना

मालकांनी, म्हणजे या पुतण्याने, पहिले काही आठवडे बोल्ट सोडवण्यात घालवले. त्यांच्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला नसता, तर ते तसेच पुढे गेले असते: "बाबा, ही गाडी आपल्या नावावर होणारच नसेल तर आपण हे कोणासाठी करतोय?" माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत किफायतशीर क्षण हाच आहे, कारण त्यानंतर काम थांबवून आधी कायद्याची बाजू पाहिली गेली.

कुटुंबात असा समज होता की गाडी १९७३ ची असल्याने २०२३ नंतर ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या तरतुदींनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाड्यांना 'व्हीए' अक्षरे असलेली वेगळी नोंदणी मिळते. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण ही पन्नास वर्षे गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यापासून मोजली जात नाहीत. ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून मोजली जातात. लष्कराकडून आलेल्या या गाडीची नागरी नोंदणी १९९१ ची असल्याने तो मार्ग २०४१ पर्यंत बंद होता. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच ती चालवता येते. मालकांना ती वर्षातून चार वेळा भोरला न्यायची होती, त्यामुळे हा मार्ग बंद निघाल्याचे त्यांना फारसे वाईट वाटले नाही.

उरला तो साधा मार्ग: मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना ३१, इतर वारसांची संमती, आणि नोंदणी नूतनीकरणासाठी नमुना २५. पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी चालवताच येत नाही हा समज दिल्ली परिसरातल्या निर्बंधांमुळे पसरलेला आहे. पुण्यात तपासणीत योग्य ठरलेल्या गाडीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. वारसांपैकी एक चुलतभाऊ नाशिकला होते. त्यांची सही मिळेपर्यंत बरेच महिने गेले, आणि त्या काळात गाडीचा एकही भाग कापायचा नाही असे मालकांनी ठरवले. ही शिस्त त्यांनी पाळली.

याच टप्प्यावर चासी क्रमांकाचा प्रश्न सोडवला गेला. तपासणीच्या वेळी या क्रमांकाचा पेन्सिलने छाप घेतला जातो. ग्राइंडर किंवा ब्लास्टिंगने (गंज काढण्यासाठी कणांचा जोरदार मारा) तो पुसट झाला, तर पुढे कितीही उत्तम काम केले तरी गाडी कागदावर मेलेलीच राहते. त्यामुळे त्या जागेवर वायरब्रशही लावला नाही. फॉस्फोरिक ॲसिडचे पातळ द्रावण कापसाने लावून, मऊ पितळी ब्रशने गंज हलकेच काढत क्रमांक वाचला गेला, त्याचे छायाचित्र आणि छाप घेतले गेले आणि त्यावर ग्रीस लावून रबराची पट्टी बांधण्यात आली. ब्लास्टिंगच्या वेळी ही पट्टी जागेवरच होती.

विचारात घेतलेले पर्याय

गाडी भंगारात देणे हा पर्याय घरातल्या काही जणांना मनापासून पसंत होता. सगळी गाडी पुनर्बांधणी करणाऱ्या गॅरेजकडे सोपवणे हा दुसरा पर्याय होता. पण दोन ठिकाणी चौकशी केल्यावर दिसले की अंदाजपत्रक रंगासाठी नेमके आणि गंजासाठी मोघम होते, म्हणजे धोका सगळा मालकाकडे राहत होता.

तिसरा पर्याय डिझेल इंजिन बसवण्याचा. जोंगाचे पेट्रोल इंजिन फार तहानलेले असते आणि नागरी वापरातल्या अनेक जोंगांत ते बदललेले दिसते, त्यामुळे मिस्त्रींचा कल तिकडे होता. परंतु इंधनाचा प्रकारच बदलायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांबाबत कडक भूमिका घेतलेली आहे. आधीच लटकलेल्या नोंदणीत हा दुसरा गुंता घालणे शहाणपणाचे नव्हते. वर्षाला काहीशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत डिझेलमुळे वाचणारा पैसा इंजिनबदलाच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही, हा हिशेब मुलीने कागदावर मांडून दाखवला तेव्हा मिस्त्रीही गप्प झाले.

शेवटी निवडलेला मार्ग असा: उघडणे, साफ करणे, पत्र्याचे वेल्डिंग, ब्रेक आणि जोडणी घरी, सिलिंडर बोअरिंग (सिलिंडर आतून कातून गोल करणे), चासीचे ब्लास्टिंग आणि शेवटचा रंग बाहेर.

चासी

बॉडी उतरवण्यापूर्वी दरवाज्यांच्या चौकटींत लोखंडी नळ्या आडव्या-तिरक्या टाकून बॉडी बांधून घेतली, कारण तळाचा पत्रा कापल्यावर चौकट किंचित जरी पसरली तरी दरवाजे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. चासीवर ठराविक बिंदूंमध्ये कर्णांची मापे घेऊन भिंतीवर खडूने लिहून ठेवली.

चासी किती गेली आहे हे ठरवण्यासाठी मालकांनी दोन पद्धती वापरल्या. हातोडीने ठोकून आवाज ऐकणे ही मिस्त्रींची पद्धत. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. भोसरीतल्या एका ओळखीच्या कारखान्याकडून अल्ट्रासॉनिक जाडीमापक आणून प्रत्येक संशयित जागेचे मापही घेतले. निरोगी भागातल्या जाडीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी भरेल तिथे नवा पत्रा, बाकी ठिकाणी फक्त साफसफाई, अशी मर्यादा त्यांनी आधीच ठरवली. मर्यादा आधी ठरवल्यामुळे 'आता उघडलेच आहे तर हेही बदलू' हा मोह आवरला गेला. गंमत अशी की हातोडी आणि मापक यांचे निष्कर्ष जवळजवळ सगळीकडे जुळले. फक्त एका पेटीसारख्या भागात, आत माती घट्ट बसलेली असल्याने, हातोडीचा आवाज फसवा निघाला.

मागच्या डाव्या भागावर पट्टी बसवताना तिची टोके सरळ उभी न कापता तिरकी, समभुज चौकोनाच्या कोपऱ्यासारखी कापली. उभ्या टोकावर वेल्डिंगची रेघ चासीला आडवी जाते आणि खड्ड्यांतले हिसके नेमके त्या रेघेवर येऊन तिथे तडा जाऊ शकतो. वेल्डिंग छोट्या टाक्यांत, जागा बदलत आणि मध्ये थंड होऊ देत केले, आणि प्रत्येक सत्रानंतर भिंतीवरच्या मापांशी ताडून पाहिले.

मोठी चूक ब्लास्टिंगच्या वेळापत्रकात झाली. चासी मेच्या मध्यावर भोसरीला जायची होती. काम पुढे ढकलले गेले आणि ती जूनच्या पहिल्या सरींत उघड्या टेम्पोतून परत आली. ब्लास्ट केलेले लोखंड पूर्णपणे उघडे असते, आणि पावसाळी हवेत त्यावर काही तासांत तांबूस झाक येते. सकाळी प्रायमर मारायला गेल्यावर सगळी चासी चहाच्या रंगाची झालेली होती. मिस्त्रींनी वरून रेड ऑक्साइड मारून पुढे जायचे सुचवले. मालकांनी नकार दिला, चासी परत पाठवली आणि या वेळी ब्लास्टिंग करणाऱ्याकडूनच त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून घेतला. दोनदा खर्च झाला, पण हा निर्णय योग्य होता: इपॉक्सी ओलावा अडवतो, रेड ऑक्साइडचा साधा थर सच्छिद्र असतो आणि त्याखालचा गंज बंद होत नाही, झाकला जातो.

पेटी भागांत आतून मेण फवारले आणि खालची निचऱ्याची भोके मोकळी ठेवली. जुन्या पद्धतीप्रमाणे वापरलेले इंजिन ऑइल फवारण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. ते स्वस्त असते हे खरे, पण ते धूळ धरते, रबरी बुश फुगवते आणि फरशीवर गळत राहते.

पत्रा

बॉडीचा पत्रा ब्लास्टिंगला दिला नाही. पातळ पत्र्यावर मारा झाला की तो ताणला जाऊन लाटा येतात आणि मग त्या लपवायला लांबी लागते. मोठे भाग चकती आणि फॉस्फोरिक ॲसिडने साफ झाले. बिजागऱ्या, कंस, झाकणे असे छोटे भाग प्लॅस्टिकच्या पिंपात इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने, साफ केले: पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडी पट्टीला. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावायचे नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि हायड्रोजन वायू सुटतो म्हणून पिंप शेडच्या बाहेर उघड्यावर ठेवायचे. कमानपाट्यांच्या पट्ट्या व कडक पोलादी बोल्ट या पिंपात टाकले नाहीत, कारण हायड्रोजन शोषून कडक पोलाद ठिसूळ होऊ शकते.

तळासाठी बाजारातला तयार पत्रा मिळाला नाही. १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा आणून मुलीने पुठ्ठ्याचे साचे कापले आणि त्यावरून पत्रा वाकवून घेतला. वेल्डिंगसाठी गॅसची ज्योत की सीओटू (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात होणारे विजेचे वेल्डिंग) हा वाद रंगला. मिस्त्रींचा हात गॅसवर बसलेला होता, पण गॅसची उष्णता पत्र्यात दूरवर पसरते आणि सपाट भाग वाकतात. म्हणून तळ आणि मडगार्ड सीओटूने, आणि जाड कंस मिस्त्रींच्या गॅसने, अशी वाटणी झाली.

ग्राइंडरच्या आवाजावरून शेजाऱ्यांची तक्रार येणे अपरिहार्य होते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि ग्राइंडर ती सहज ओलांडतो. मालकांनी स्वतःहून जाऊन वेळ ठरवून घेतली: सकाळी दहा ते एक, रविवारी फक्त जोडणी. दुपारी एक ते चार या वेळेबद्दल सहकारनगरात वेगळी चर्चा करावी लागली नाही.

इंजिन आणि ब्रेक

इंजिनाबाबतचा क्रम चुकला. वारसाची सही यायची वाट पाहताना रिकामा वेळ होता, म्हणून इंजिन उतरवून बोअरिंगला दिले गेले. ते परत आले तेव्हा चासीचे काम सुरूही झाले नव्हते. नवे बोअर केलेले सिलिंडर वर्षभराहून अधिक काळ शेडमध्ये प्लॅस्टिकखाली राहिले, आत दमटपणा कोंडला आणि दोन सिलिंडरांत गंजाचे वळ उठले. सुदैवाने होनिंगवर, म्हणजे आतला पृष्ठभाग हलका घासण्यावर, भागले.

हेडच्या कामात एक गोष्ट विचारपूर्वक झाली. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. शिशाचा थर नसला की मऊ व्हॉल्व्ह सीट हळूहळू झिजत आत जातात, म्हणून एक्झॉस्टच्या बाजूला कडक सीट बसवून घेतल्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुन्या नैसर्गिक रबराच्या नळ्या त्यात टिकत नाहीत. त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सर्व नळ्या व्हायटॉनच्या, म्हणजे इंधनात टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या, घातल्या. टाकी आतून लेप देऊन बंद करण्याऐवजी फक्त साफ करून वापरली. इथेनॉलमध्ये सुटलेला लेप कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकला तर तो गंजाइतकाच त्रास देतो. दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी रिकामी करावी, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढते.

ब्रेकच्या ड्रममधली जुनी धूळ हवेने फुंकायची मिस्त्रींची सवय मुलीने थांबवली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती पाण्याने भिजवून पुसून काढली. नळ्यांसाठी कोणीतरी तांब्याची नळी सुचवली होती, वाकवायला सोपी म्हणून. शुद्ध तांबे कंपनांनी कडक होऊन चिरते, त्यामुळे पोलादी ब्रेक नळ्याच बसवल्या.

रंग

सगळ्यांच्या मनात गाडीचा मूळ लष्करी हिरवा होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतरांना वापरता येत नाही. वाळूच्या जवळ जाणारा करडा रंग निवडला गेला. टू-पॅक पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतात, त्याच्या फवाऱ्याने दम्याचा कायमचा विकार जडू शकतो आणि साधा कापडी मुखवटा त्याला रोखत नाही. म्हणून घरी इपॉक्सी ब्रशने, आणि शेवटचा रंग बाहेरच्या बूथमध्ये.

निष्पत्ती

२०२५ च्या सुरुवातीला गाडीची तपासणी झाली, चासी क्रमांकाचा छाप पहिल्या प्रयत्नात स्पष्ट उमटला आणि नूतनीकरण झाले. त्या वेळी शुल्क ५,००० रुपये होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० झाले. अशा जुन्या चारचाकींना पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. कार्ब्युरेटर नीट लावल्यावर गाडी त्यात आरामात बसली. एकूण खर्चाचा अर्ध्याहून मोठा वाटा चासी आणि पत्र्याने घेतला, इंजिनाने नव्हे.

वेगळे काय करता आले असते

पन्हळ २०१४ मध्ये दुरुस्त केली असती तर चासीवर पट्टी लागलीच नसती. त्याहून महत्त्वाचा मुद्दा क्रमाचा आहे. कागद आधी झाले, हे बरोबर झाले. त्यानंतर चासी, मग पत्रा आणि सर्वांत शेवटी इंजिन असा क्रम पाळला असता तर होनिंगचा खर्च वाचला असता. ब्लास्टिंग दिवाळी ते होळी या कोरड्या काळातच ठेवायला हवे होते, आणि प्रायमरची जबाबदारी पहिल्याच वेळी ब्लास्टिंगवाल्याकडे द्यायला हवी होती. डिझेल न घालण्याच्या निर्णयाबद्दल मिस्त्रींचे मत अजूनही वेगळे आहे; वरंध घाटात पेट्रोलचा काटा उतरताना पाहून मालकांनाही कधी कधी ते पटते.

पहिल्या पावसाळ्यानंतर विंडशील्डच्या उजव्या कोपऱ्यात रंगाला एक फुगवटा आला. तिथे जुन्या जोडाची आतली बाजू हाताला लागत नव्हती आणि ती फक्त ॲसिडवर सोडली होती. फ्रेम उतरवून तो जोड उघडायचे ठरले आहे. पुढच्या चाकांचे एक फ्री-व्हील हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारा-सोडवणारा भाग) अजून जुना बाजारात आणि नाना पेठेत मिळालेले नाही, त्यामुळे फोर-व्हील-ड्राइव्ह तूर्त बंद आहे. डांबरी रस्त्यावर ती तशीही लावायची नसते, कारण मधे डिफरन्शियल नसल्याने पुढचे-मागचे अ‍ॅक्सल एकमेकांना पिळतात. पण भोरच्या शेतातल्या चिखलात पुढच्या पावसाळ्यापूर्वी हब लागणारच आहे.